मधुमेह, मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि नंतरचं डोळ्याचं प्रेशर: घरच्यांसाठी मार्गदर्शक

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की घरात चर्चा होते ती लेन्सची. देशी घ्यायची की परदेशी, साधी की मल्टिफोकल, कुठल्या डॉक्टरांचा हात चांगला. ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांत उरकतं, दुसऱ्या दिवशी पट्टी निघते, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं की सगळे खूश. डोळ्याच्या प्रेशरचा विषय तोवर कुणी काढलेलाच नसतो. रुग्णाला मधुमेह असेल तर तो तुम्हाला काढावा लागेल. कधी आणि कसा, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

आमच्या घरी आई आणि सासरे, दोघांचीही ऑपरेशनं झाली. दोघांनाही जुना मधुमेह. आईचं प्रेशर दुसऱ्याच दिवशी चढलेलं निघालं आणि लगेच उतरलं. सासऱ्यांचं महिन्याभराने चढलं, तेही कसलाच त्रास नसताना. मी डॉक्टर नाही. औषध बदलणं, वाढवणं, थांबवणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम. पण कुठल्या भेटीत काय विचारायचं, हे घरच्यांच्या हातात असतं.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. चांगलं दिसतंय म्हणून प्रेशर ठीक आहे असं धरून चालू नका. ते फक्त मोजूनच कळतं. आणि ते वाढायच्या वेळा ठरलेल्या आहेत: पहिला दिवस, मग साधारण दुसऱ्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत, आणि मग पुढे कधीतरी, डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या तक्रारीमुळे किंवा तिच्या उपचारामुळे. तिन्हींची कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे.

१. प्रेशर कशाचं, आणि ऑपरेशनने ते का बदलतं

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पातळ द्रव सतत तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून बाहेर जात असतो. जेवढा तयार होतो तेवढा निचरा झाला की प्रेशर स्थिर राहतं. ते मिलिमीटर पाऱ्यात मोजतात. १० ते २१ हा सर्वसाधारण पट्टा. हे प्रेशर म्हणजे बीपी नव्हे; बीपीची गोळी हा त्याचा इलाज नाही. ‘प्रेशर वाढलंय’ एवढंच ऐकून घरी आल्यावर बीपीची गोळी दीड करणारी माणसं मी पाहिली आहेत.

ऑपरेशनचा एक फायदाही आहे. वय वाढतं तसं डोळ्यातलं नैसर्गिक भिंग जाड होत जातं, चार-पाच मिलिमीटरपर्यंत. त्याजागी बसवलेली लेन्स जेमतेम एक मिलिमीटरची. आत जागा होते, निचरा सुधारतो आणि काही महिन्यांनी बऱ्याच जणांचं प्रेशर आधीपेक्षा १ ते ३ अंकांनी कमी होतं. पण हे नंतरचं. पहिल्या दीड महिन्यात नेमकं उलटही होऊ शकतं.

मधुमेह असेल तर हा काळ जास्त जपायचा, कारण डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच थकलेल्या असतात. दृष्टीच्या नसेला पुरवठा बेताचा असताना वरून दाब वाढला तर ती लवकर दुखावते. आणि ही नस एकदा गेली की परत येत नाही. मोतीबिंदूसारखं तिचं ऑपरेशन नसतं.

२. ऑपरेशनच्या आधी: तीन गोष्टी करून घ्या

पहिली, आधीचं प्रेशर. दोन्ही डोळ्यांचं, आकड्यात, कागदावर. पुढे २३ आलं तर ते आधीच्या १२ वरून आलंय की २० वरून, यावर डॉक्टरांचा निर्णय ठरतो. घरात कुणाला काचबिंदू (दृष्टीची नस खराब होत जाण्याचा, बहुतेकदा वाढलेल्या प्रेशरचा आजार) असेल तर ज्या कोपऱ्यातून द्रवाचा निचरा होतो तो कोपरा आरशाच्या भिंगाने तपासतात का, तेही विचारा.

दुसरी, पडदा. बाहुली मोठी करायचे थेंब घालून मागचा पडदा बघतात, आणि मधुमेह्यांच्या पडद्याच्या मधल्या भागाचा ओसीटी स्कॅन (पडद्याच्या थरांचं चित्र) काढून ठेवतात. मोतीबिंदू फार पिकलेला असेल तर पडदा दिसत नाही, मग सोनोग्राफी करतात. पडद्यावर सूज किंवा नव्या रक्तवाहिन्या असतील तर आधी त्यांचा उपचार आणि मग ऑपरेशन, असा क्रम बरेच डॉक्टर धरतात. त्यात महिना-दोन महिने गेले तर चिडचिड करू नका. मोतीबिंदू थांबतो, पडदा थांबत नाही.

तिसरी, साखर. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) करून घ्या. किती आकड्याला ऑपरेशन करायचं याची प्रत्येक डॉक्टरांची मर्यादा थोडी वेगळी असते. सापळा इथे आहे: तारीख मिळावी म्हणून आठवड्याभरात उपास करून, गोळ्या वाढवून साखर धाडकन खाली आणतात. फार दिवस वाढलेली साखर एकदम उतरवली तर काही जणांचा पडद्याचा आजार काही काळ उलट बळावतो. सावकाश आणा, फिजिशियनच्या सल्ल्याने.

३. फाइल

एक प्लास्टिकची फाइल करा आणि प्रत्येक भेटीला तीच न्या. मोबाइलमधले फोटो ऐनवेळी सापडत नाहीत. फाइलमध्ये हवं ते असं:

– मधुमेह, बीपी, हृदय, किडनी यांच्या चालू औषधांची यादी, मात्रेसकट
– अलीकडची साखर, एचबीए१सी, क्रिएटिनिन
– ईसीजी आणि फिजिशियनचं फिटनेस पत्र
– लेन्सचा नंबर काढल्याचा कागद आणि ओसीटी
– जुने चष्म्याचे नंबर आणि डोळ्यांचे आधीचे कागद
– आधार कार्ड, विमा असेल तर त्याचं कार्ड
– ऑपरेशननंतर: डिस्चार्ज कार्ड आणि लेन्सचं स्टिकर

लेन्सचं स्टिकर लहान असतं आणि तेच हरवतं. विमा कंपन्या दाव्यासोबत ते मागतात. विम्याचं म्हणाल तर बऱ्याच पॉलिसींत मोतीबिंदूला दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ आणि एका डोळ्यामागे रकमेची मर्यादा असते; तारीख घेण्याआधी पॉलिसी वाचा.

फाइलच्या पहिल्या पानावर एक तक्ता आखा: तारीख, उजव्या डोळ्याचं प्रेशर, डाव्याचं, कशाने मोजलं, त्या दिवशी कोणते थेंब चालू होते, सकाळची साखर. केसपेपरवर ‘ओडी’ म्हणजे उजवा, ‘ओएस’ म्हणजे डावा. काही ठिकाणी ‘आरई’ आणि ‘एलई’ लिहितात. ‘आयओपी’ किंवा ‘टेन्शन’पुढचा आकडा तो आपल्याला हवा असतो. ‘एनसीटी’ लिहिलं असेल तर हवेच्या झोताने मोजलंय.

४. कुणी विचारलं नाही तरी सांगा

दमा आहे का, नाडी मंद चालते का. सल्फाच्या औषधाची ॲलर्जी आहे का. किडनीची तक्रार आहे का, मुतखडा झाला होता का. आईवडिलांत किंवा भावंडांत काचबिंदू होता का. आधी कधी स्टेरॉइडच्या थेंबांनी, इन्हेलरने किंवा मलमाने डोळ्याचं प्रेशर वाढलं होतं का. यांतल्या प्रत्येक उत्तराने पुढे प्रेशरचं औषध कोणतं द्यायचं ते बदलतं.

पुरुष रुग्ण प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असतील तर तेही आधीच सांगा. त्या गोळीने बुबुळ ढिलं पडतं आणि सर्जनला वेगळी तयारी करावी लागते. प्रोस्टेटचा डोळ्याशी काय संबंध, म्हणून आमच्याकडे हे जवळजवळ राहूनच जाणार होतं. रक्त पातळ करायची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, विचारा.

५. ऑपरेशनचा दिवस आणि पहिली रात्र

सकाळी खायचं की नाही, इन्सुलिन किंवा गोळी घ्यायची की नाही, याचं लेखी उत्तर आदल्या दिवशी घ्या. थेंबांनी बधिर करून होणाऱ्या ऑपरेशनला बरेच डॉक्टर हलका नाश्ता चालेल म्हणतात, पण सगळे नाही. उपाशी ठेवलं आणि गोळीही दिली, वरून नंबर दुपारी लागला, तर साखर उतरून बाकावरच घाम फुटतो. पर्समध्ये ग्लुकोमीटर आणि साखरेची पुडी असू द्या.

आत काय होतं, ते थोडक्यात. ऑपरेशन करताना डोळ्याची पुढची जागा फुगलेली राहावी आणि आतला नाजूक थर सांभाळला जावा म्हणून एक चिकट पारदर्शक जेल भरतात. शेवटी ते धुऊन काढतात. तरी थोडं मागे राहिलंच तर मोरीच्या जाळीवर भाताची शितं बसावीत तसं ते निचऱ्याच्या जाळीत अडकतं. म्हणून पहिल्या काही तासांत प्रेशर चढतं आणि बहुतेकांचं एक-दोन दिवसांत आपोआप किंवा औषधाने उतरतं.

संध्याकाळी थोडं खुपणं, पाणी येणं, डोळ्यात कचरा गेल्यासारखं वाटणं नेहमीचं. पण भुवईपासून कपाळापर्यंत ठणका, मळमळ, उलटी असेल तर ‘ॲसिडिटी झाली असेल’ म्हणून जिरं-ओवा देत बसू नका. रात्री अकरा वाजलेले असले तरी डिस्चार्ज कार्डावरच्या नंबरवर फोन करा. तो नंबर रात्री उचलला जातो का, हे निघण्याआधीच विचारून घ्यावं.

६. दुसऱ्या दिवशी आकडा मागून घ्या

दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात. पट्टी काढतात, अक्षरं वाचून घेतात, दिव्याच्या यंत्रावर डोळा बघतात आणि ‘छान आहे’ म्हणतात. तिथे नम्रपणे विचारायचं: “डॉक्टर, शुगर आहे म्हणून विचारते, आजचं प्रेशर किती आलं?” मोजलं असेल तर आकडा मिळेल. नसेल तर एवढ्या प्रश्नाने मोजलं जातं. आम्हाला उत्तर मिळालं २८. ऑपरेशनच्या आधी आईचं १६ होतं. दृष्टी थोडी धुरकट होती, ती ‘पहिल्या दिवशी असतेच’ म्हणून सोडून दिली गेली असती. थेंब आणि गोळी दिली, दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा ते खाली आलं होतं.

आकडा फारच वाढलेला असेल तर डॉक्टर दिव्याच्या यंत्रावरच बाजूच्या बारीक छेदातून थोडा द्रव काढून दाब उतरवतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण सेकंदांचं काम असतं.

आकडा अगदी कमी, पाच-सहाच्या खाली आला तरी दुर्लक्ष करू नका; जखमेतून द्रव झिरपत असू शकतो.

मोजताना काय होतं ते रुग्णाला आधीच सांगा, म्हणजे तो डोळा घट्ट मिटणार नाही. बधिर करणारा थेंब, मग पिवळ्या रंगाचा. हनुवटी पट्टीवर, कपाळ पुढे टेकलेलं. निळा प्रकाश देणारं एक लहान टोक हळूच बुबुळासमोरच्या पारदर्शक काचेला, म्हणजे कॉर्नियाला लागतं, दुखत नाही. श्वास रोखला, डोळे आवळले, शर्टाची कॉलर गळ्याला आवळली असेल तर आकडा खोटा चढतो. सासऱ्यांचं वरचं बटण मी प्रत्येक वेळी उघडायला लावायची. हवेच्या झोताच्या यंत्राने माणूस दचकतो, म्हणून दोन-तीन वेळा मोजून सरासरी घेतात. त्याने मोजलेलं जास्त आलं तर टेकवून मोजायच्या पद्धतीने खात्री करून घ्यायला सांगा. मधुमेह्यांचा कॉर्निया किंचित जाड असू शकतो, त्यानेही आकडा थोडा वर दिसतो. ती वजाबाकी डॉक्टर करतील.

पहाटे उषःपान म्हणून तांब्याभर पाणी एका दमात पिण्याची सवय असेल तर निदान ऑपरेशननंतरचे काही आठवडे ते घोटाघोटाने प्या. लिटरभर पाणी एकदम प्यायल्याने तासाभरासाठी प्रेशर वाढतं. पूर्वी काचबिंदू ओळखायला हीच चाचणी वापरत. शीर्षासन, सर्वांगासन बंद. कपालभाती कधी सुरू करायची ते डॉक्टरांना विचारून.

७. थेंब: सगळ्यात जास्त गोंधळ इथेच

ऑपरेशननंतर आपल्याकडे सहसा अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकाच बाटलीत असलेला थेंब देतात, मॉक्सिफ्लॉक्सॅसिनसोबत प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन. दिवसातून सहा वेळा सुरू करून दर आठवड्याला एकेक वेळ कमी करत न्यायचा, अशी पद्धत नेहमीची. सूज उतरायला स्टेरॉइड लागतंच, मधुमेह्यांत तर जास्तच. पण काही जणांच्या डोळ्यात तेच स्टेरॉइड निचऱ्याची जाळी हळूहळू आवळतं. सलग काही आठवडे घातल्यावर ढोबळमानाने तिघांतल्या एकाचं प्रेशर थोडंफार वाढतं, आणि शंभरातल्या पाचेक जणांचं बरंच. मधुमेह, काचबिंदूचा घराण्यातला इतिहास आणि मोठा मायनस नंबर, या तिन्हींत ही शक्यता वाढते.

म्हणून थेंब कमी करत नेण्याचं वेळापत्रक हेच इथे औषध. ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आम्ही प्रत्येक सोमवारच्या चौकोनात ‘आजपासून ५’, ‘आजपासून ४’ असं लाल पेनाने लिहिलं होतं. एकादशी बघायला आई रोज कॅलेंडरपाशी जातेच, त्यामुळे वेगळी आठवण करावी लागली नाही.

लोक जिथे हमखास अडकतात त्या जागा या:

बाटली संपली म्हणून मेडिकलमधून तीच परत आणणं. दुकानदार जुन्या चिठ्ठीवर देतो, डोळ्याला बरं वाटतं, वेळापत्रक संपल्यावरही थेंब चालू राहतात. स्टेरॉइडने प्रेशर वाढून नस गेलेल्या माणसांची गोष्ट बहुतेक वेळा अशीच सुरू होते. दुसरी बाटली आणण्याआधी ‘अजून किती दिवस?’ हे विचारून घ्या.

उलट टोकाला, प्रेशर वाढतं हे कुठेतरी वाचून थेंब मधेच बंद करणं. त्याने आतली सूज उफाळते आणि सुजेनेही प्रेशर वाढू शकतं, पडद्यावर पाणी धरू शकतं. हा लेख वाचून तसं केलंत तर लेख फुकट गेला.

शेजारच्या काकूंचे उरलेले थेंब वापरणं. मध, गुलाबपाणी, तूप, काजळ घालणं. यांतलं काहीही नको.

बाटली न हलवणं. प्रेडनिसोलोनचं औषध तळाशी बसतं. न हलवता घातलं तर पहिले दिवस पाणीच जातं आणि शेवटी घट्ट मात्रा. दोन वेगळ्या थेंबांत पाच मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. थेंब घातल्यावर डोळा हलकेच मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर स्वच्छ बोटाने मिनिटभर दाबा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. कोपऱ्यावर म्हणजे हाडाच्या बाजूला. डोळ्याच्या गोलावर नाही. बाटलीचं तोंड पापण्यांना लावू नका आणि उघडल्यावर महिन्याने टाकून द्या.

थेंबातल्या स्टेरॉइडने रक्तातली साखर सहसा फारशी हलत नाही. स्टेरॉइडची गोळी दिली तर मात्र ती चांगलीच चढते. अशी चिठ्ठी मिळाली तर मधुमेहाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

८. तिसरा ते सहावा आठवडा: त्रास नाही म्हणूनच जा

सगळं सुरळीत झालेलं असतं तो हा काळ. रुग्ण पेपर वाचतो, टीव्ही बघतो, भाजी आणायला एकटा जातो. ‘आता कशाला उगाच फेरी?’ आणि स्टेरॉइडने वाढणारं प्रेशर वाढतं ते याच दिवसांत. दुखत नाही, लाल होत नाही, दिसायला फरक पडत नाही. सासऱ्यांचं २७ निघालं त्या सकाळी ते वेटिंग रूममध्ये बसून बिनचष्म्याने समोरच्या पाटीवरची वेळ मला वाचून दाखवत होते.

म्हणून मधुमेह असेल तर चष्म्याचा नंबर काढायच्या भेटीची वाट न बघता, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकदा आणि थेंब संपायच्या सुमारास एकदा प्रेशर मोजून मागा. डॉक्टरांनी त्याहून लवकर बोलावलं तर त्यांचं ऐकायचं.

शिबिरात ऑपरेशन झालेल्यांचं हे हमखास राहतं. ऑपरेशन शहरात, पेशंट गावी, आणि एक महिन्याची भेट पेरणीत किंवा लगीनसराईत अडकते. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्याखाली सरकारी रुग्णालयांत ही तपासणी होते. जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांना भेटा. तिथे प्रेशर मोजायची सोय नसेल तर ते उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतील. डिस्चार्ज कार्ड न्यायला विसरू नका. कोणते थेंब चालू आहेत, हे त्यांना त्यावरूनच कळतं.

घरी बोटाने डोळा दाबून ‘कडक लागतोय का’ बघणारे असतात. ताज्या जखमेवर दाब आला तर नुकसान होईल, आणि त्यातून २० की २७ हे कुणालाच कळत नाही.

९. वाढलं तर: औषधं आणि मधुमेह

स्टेरॉइडमुळे वाढलं असेल तर डॉक्टर तो थेंब लवकर कमी करतात, किंवा लोटेप्रेडनॉल, फ्लुओरोमेथोलोनसारखा सौम्य देतात, किंवा नेपाफेनॅक, ब्रोमफेनॅक असे स्टेरॉइड नसलेले सूज उतरवायचे थेंब देतात. स्टेरॉइड थांबल्यावर बहुतेकांचं प्रेशर काही आठवड्यांत जागेवर येतं. तोवर ते उतरवायचं औषध देतात. त्यातली काही मधुमेहाशी अडखळतात, ती लक्षात ठेवा.

टिमोलॉलचे थेंब: दमा असेल तर चालत नाहीत. शिवाय साखर उतरली की होणारी धडधड आणि थरथर ते झाकू शकतात. घाम मात्र येतोच. इन्सुलिन घेणाऱ्याला अचानक घाम आला तर आधी साखर तपासा.

ॲसिटाझोलामाइडची गोळी: हातापायांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. मधुमेही माणसाला वाटतं साखरच वाढली, आणि तो जेवण सोडतो. ग्लुकोमीटरवर बघा, मग ठरवा. सल्फाची ॲलर्जी, किडनीची तक्रार किंवा मुतखडा असेल तर घेण्याआधी पुन्हा एकदा आठवण करून द्या.

ग्लिसरॉल प्यायला देणं हा जुना उपाय. शरीरात त्याची साखर होते, म्हणून मधुमेह्यांना तो टाळतात. कुणी सुचवलाच तर मधुमेह आहे हे ठासून सांगा.

लॅटानोप्रोस्टसारखे थेंब काचबिंदूवर रोजच्या वापरातले, पण ऑपरेशननंतर लगेच पडद्याला सूज येईल या शंकेने काही डॉक्टर ते थोडे दिवस थांबवतात. आधीपासून चालू असतील तर चालू ठेवायचे का, हा प्रश्न ऑपरेशनच्या आधीच विचारा.

कोणताही थेंब सुरू झाला की ‘पुन्हा कधी मोजायचं?’ हे विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

१०. नजर परत धुरकट झाली तर

आधी छान दिसत होतं आणि चार-सहा आठवड्यांनी वाचताना अक्षरं पुसट, सरळ रेघ वाकडी दिसू लागली, तर लोक चष्म्याच्या नंबरवर ढकलतात. पडद्याच्या मधल्या भागाला सूज येण्याचा हाच काळ आणि मधुमेह्यांत ती जास्त येते. त्यासाठी ओसीटी लागतो. तिचा उपचार म्हणून कधी स्टेरॉइडचे थेंब वाढवतात, कधी डोळ्यात इंजेक्शन देतात, आणि दोन्हींत प्रेशर पुन्हा बघावं लागतं.

साखर वरखाली होत असेल तर चष्म्याचा नंबरही बदलतो. घाईने महागडा चष्मा करू नका. डोळा शांत आणि साखर काही दिवस स्थिर, मगच नंबर काढा.

११. वाट न बघता डॉक्टरांकडे

– वाढता ठणका, सोबत डोकेदुखी किंवा उलटी
– दिव्याभोवती रंगीत वलयं आणि धुरकट दिसणं
– पहिल्या आठवड्यात डोळा जास्त लाल होणं, चिकट स्राव, नजर झपाट्याने कमी होणं. हा आतला जंतुसंसर्ग असू शकतो आणि मधुमेहात त्याचा धोका जास्त
– अचानक काळे ठिपके, विजेसारखे चमकारे, पडदा ओढल्यासारखी सावली
– डोळ्यातून सतत कोमट पाणी गळणं आणि डोळा मऊ, खोल गेल्यासारखा वाटणं

यांतलं काहीही रविवारी किंवा दिवाळीत झालं तरी थांबू नका. आपला दवाखाना बंद असेल तर मेडिकल कॉलेजच्या नेत्रविभागात आपत्कालीन डॉक्टर असतात.

१२. पुढची वर्षं आणि दुसरा डोळा

वर्षातून निदान एकदा पडदा आणि प्रेशर, दोन्ही तपासा. मधुमेह बळावलेला असेल तर बुबुळावर नव्या बारीक रक्तवाहिन्या उगवतात आणि निचऱ्याचा कोपरा बंद करतात. हा काचबिंदू हट्टी असतो. त्या रक्तवाहिन्या बाहुली मोठी करण्याआधीच नीट दिसतात, म्हणून तंत्रज्ञ थेंब घालायला घाई करत असेल तर ‘डॉक्टरांनी आधी बघितलं का?’ एवढं विचारा.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लेन्सच्या मागची पिशवी धूसर झाली तर लेसरने भोक पाडतात. पाच मिनिटांचं काम, पण त्यानंतर काही तासांत प्रेशर उसळू शकतं. बरेच डॉक्टर त्यासाठी आधीच थेंब घालतात. एक-दोन तास थांबून मोजून घ्या आणि मगच रिक्षा बोलवा. पडद्याच्या सुजेसाठी डोळ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर त्याचा परिणाम महिनोन्‌महिने राहतो, तेव्हा प्रेशरच्या तपासण्याही तेवढेच महिने चालू ठेवा.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरेल तेव्हा तक्त्याचं पान सर्जनसमोर ठेवा, विशेषतः हॉस्पिटल बदललं असेल तर. एका डोळ्याचं प्रेशर स्टेरॉइडने वाढलं असेल तर दुसऱ्याचंही वाढण्याची शक्यता बरीच. सासऱ्यांच्या वेळी ते पान बघून डॉक्टरांनी सुरुवातीपासूनच थेंब बदलले आणि पहिली तपासणी दहाव्या दिवशी ठेवली.